वजन काढ, मेस्त्री

गलबताला लाकूड कमी पडलं तर शिव्या मला पडतात.
बापानं शिकवलं ते एवढंच: शंका आली की फळी जाड घ्यायची,
दर्या काय माप बघून मारत नाही.
आणि हा दाऊद मुकादम,
बसऱ्याच्या वर्कशॉपात चार वर्षं फिटर होता तो,
माझ्या मांडवात येऊन
मासळीच्या तागडीत माझी वाकं तोलायला लागला.

"वजन काढ, मेस्त्री."
काढलं.
"अजून काढ."
शिवणीचं लाकूड, आधीच हलकं,
त्यात मी भोकं पाडली चाळणीसारखी.
रात्री झोप येईना.
असलं काम कोणी बघितलं
तर उद्यापासून मला पाळणासुद्धा सांगणार नाहीत करायला.

चित्र एकच होतं त्याच्याजवळ, तेलानं डागाळलेलं,
अर्धी मापं पुसलेली. उरलेली त्यानं
डोळे मिटून, हात पसरून हवेत दाखवलन्.
मी म्हटलं, दोन पंख एकावर एक कशाला?
माडी बांधायचीय?
म्हटलन्, एकटा पंख मोडतो. वरचा खालच्याला धरतो,
खालचा वरच्याला, मधे तारा.
तारा ओढल्या तेव्हा मला पहिल्यांदा काही कळलं:
हे तर डोलकाठीचे ताण. हे आपलंच,
फक्त खालचं पाणी काढून घेतलेलं.

पंखांना मांजरपाट. हलिमानं, त्याच्या बहिणीनं, शिवलन्,
अकरा रिळं संपली.
त्यावर घोळीच्या भोताचा सरस, तांदळाची खळ,
मग उंडीचं तेल. कापड पखवाजासारखं बोलायला लागलं
आणि केळशीतली यच्चयावत मांजरं
रात्री येऊन पंख चाटायला लागली.
नाव मांजरपाट, त्यांचा तरी काय दोष.
पंधरा दिवस मी काठी घेऊन विमानापाशी निजलो.

इंजिन हर्णैला उतरलं गोणपाटात,
कुठल्याशा फुटलेल्या मोटारलाँचचं.
ते मात्र त्याला हलकं करता येईना.
मग त्यानं स्वतःला करायला घेतलन्.
रमजान संपून ईद झाली तरी
हा आपला एक वेळच जेवतोय.
हलिमा माझ्यावर डाफरायची,
तुझ्या लाकडापायी भाऊ वाळला माझा.

मार्गशीर्षातली अवस, सकाळची मोठी ओहोटी.
पुळण अशी घट्ट की बैलगाडीचं चाक रुतेना.
शेपूट आम्ही सहा जणांनी धरलेलं,
तोंडात वाळू, कानात फक्त इंजिन.
त्यानं हात वर केलन्.
सोडलं.

आता लोक काहीही सांगतात.
माडांच्या वर गेला म्हणे, देवळाच्या कळसाला फेरी मारली म्हणे.
मी तिथं होतो. पुरुषभर उंच, फार तर दीड.
पण वाळूवर चाकांच्या दोन रेघा होत्या,
ओल्या, सरळ, ओळंब्यानं मारल्यासारख्या,
आणि एका जागी त्या संपल्या.
पुढे नुसती वाळू.
त्या जागेपासून पाण्याच्या कडेपर्यंत मी नंतर चाललो:
एकशे चाळीस पावलं.
त्यापुढचं पाण्यात होतं, ते मोजलं नाही.

मतलई वाऱ्यानं ढकललं असणार.
डावी बाजू कलली, पंखानं लाट कापली,
आणि सगळं खाली बसलं, हळूच, बदक बसतं तसं.
आणि तरंगलं.
दाऊद वरच्या पंखावर चढून बसला होता, नखशिखांत भिजलेला,
ओरडत होता, मेस्त्री, बुडत नाही रे!
बुडेल कसं?
बांधलं कोणी?

भरती आली तशी खळ विरघळली, सरस सुटला,
मासे मांजरांहून उतावळे निघाले.
दुपारपर्यंत किनाऱ्याला लागलं ते
सरपणाएवढं. एक वाक तेवढं धड मिळालं,
मांडवात टांगून ठेवलंय,
तागडीत घातलं तर वीस तोळे भरतं.
गिऱ्हाईक विचारतं, हे कसलं?
मी सांगतो, चुकलेलं.

परवा दाऊद आला. हातात नवा कागद.
म्हटलन्, या वेळी तीन पंख.
मी रंधा थांबवला नाही.
म्हटलं, ते असू दे.
आधी सांग, मांजरांचं काय करायचं?